गास्पारचा तिसरा भाग

ही गोष्ट खरी आहे. ज्या घरात ती घडली, त्याच घरात मी तळमजल्यावर राहायचो.

पॅरिस. १७६१ चा फेब्रुवारी. भर दुपार.

संगीतकार ऑनोरे ओळखीच्या माणसांची चित्रं काढायचा. हार्पसिकॉर्ड या पट्ट्या दाबून वाजवायच्या तारवाद्यावर, सुरांत. टाळ्या त्याला. ज्याचं चित्र, तो कोपऱ्यात दात काढत उभा.

त्या दुपारी चित्र होतं त्याच्या मित्राचं, दारूविक्या गास्पारचं. पहिल्या भागात गडगडाटी हसू. दुसऱ्यात लंगडी चाल.

“तिसरा म्हणजे झोपेतला श्वास. तो अजून हातात बसला नाही,” ऑनोरे म्हणाला.

गास्पार पोट धरून हसला...

आवाज आला नाही.

घरी जाताना त्याची बायको पेरीन हिला फक्त स्वतःचीच पावलं ऐकू येत होती. तिने वळून पाहिलं.

तो मागेच होता. लंगडत.

दुसऱ्या दिवशी ती ऑनोरेच्या दारात.

“भावजी, त्यांचं हसू गेलं, पावलांचा आवाजही गेला; तिसरा भाग जाळा. पाया पडते.”

“नवरा गप्प झाला म्हणून रडणारी पहिलीच बाई तुम्ही, वहिनी!” मग तिचा चेहरा बघून तो वरमला. “स्वरलिपीच्या बाकीच्या प्रती जाळतो. पण एक विकली गेली. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाईंना.”

पेरीन धावत घरी आली आणि तशीच वरचा जिना चढली. वरून गास्पारचं हसू येत होतं. तारांतून.

“बंद करा! माझा माणूस जाईल!”

“अगं, तुझ्याच नवऱ्याचं वाजवतेय. मिरवायचं सोडून भांडतेस काय? आणि तो तिसरा भाग मेला बसतच नाही. एका जागी बोट अडतंच!”

दार आपटलं.

गास्पारने अंथरूण धरलं. त्याला हलवणं अशक्य होतं. रोज दुपारी पेरीन त्याच्या छातीवर कान ठेवून बसायची. वर हसू. मग चाल. मग श्वास... आणि तीच चूक.

गास्पारचा श्वासही तिथेच अडायचा.

मग परत यायचा.

त्या चुकीसाठी ती देवाला हात जोडायची. दुसरं काय होतं तिच्या हातात?

एका दुपारी बोट अडलं नाही.

वर टाळ्या पडल्या. “बसला गं बाई, बसला!”

खाली छाती थांबली होती.

वकिलीणबाईंनी घाबरून घर सोडलं. वाद्यही नेलं. त्या रिकाम्या खोलीतून दुपारी मी स्वतः श्वास ऐकलाय. एका जागी तो अडायचा...

आणि पेरीन छताकडे तोंड करून ओरडायची,

“थांबू नका! पुन्हा! पहिल्यापासून!”

मी ते घर बदललं. दुपारी झोप अजून लागत नाही.