फेरकाच

कुमुद कासारणीने आक्काताईंचा हात मांडीवर घेतला आणि साबण न लावताच काकण चढवायला सुरुवात केली. संधिवाताने आक्काताईंची पेरं आवळ्याएवढी झाली होती. कित्येक वर्षांत त्या हातात काच गेली नव्हती. कुमुदने निळा दिवा धरला. हिरवं काकण सैलावलं, पेरांवरून अलगद सरकलं आणि दिवा विझताच मनगटावर पुन्हा कडक झालं.

"वितळलं कसं नाही गं?" कॉटवरून आक्काताईंच्या नवऱ्याने, हिंदुराव तात्यांनी, विचारलं. नाकात प्राणवायूची नळी होती, पण चौकशा कमी झाल्या नव्हत्या.

"साध्या काचेतले अणू एकमेकांचे हात धरून बसतात, तात्या. धक्क्याने सुटले की सुटले. ही फेरकाच. या उजेडात तिचे अणू हात बदलतात, पण आधी नवा धरतात, मगच जुना सोडतात. बंध तेवढेच राहतात. म्हणून काच वाकते, सांडत नाही."

काच बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने हे समजावलं तेव्हा कुमुदला हसू आलं होतं. नवं काकण चढल्याशिवाय शेवटचं जुनं काढायचं नाही, हे तिला सासूने शिकवलं होतं. अणूंची सासूही तशीच असणार.

"आणि दगड घातला तर?"

"घावाच्या धगीनेही तिथे हात बदलतात. तडा मिटतो."

"मग झालं!" तात्या समाधानाने उशीला टेकले. "मी गेल्यावर भावकीतल्या बायका दगड घेऊन बसतील नि दमून घरी जातील. हिचे हात बोडके व्हायला नकोत मला."

कुमुदने मान खाली घातली. "तात्या, दिवा धरला की निघतात हो ही. मलाच बोलावणं येईल."

"म्हणून तर सांगतोय, पोरी. तू यायचं नाहीस. शब्द दे."

कुमुदने पुढचं काकण उचललं. भावकीला नाही म्हणायचं म्हणजे अर्ध्या गावाचे हात गमवायचे. आणि मरणाच्या दारातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

"झालं का तुमचं?" आक्काताई म्हणाल्या. "हात माझे, आणि ठराव तुम्ही दोघं करताय. लग्नात रंग सासूने ठरवला, उद्याचं तुम्ही ठरवा. मला काढावीशी वाटली तर? किंवा महिन्याने लाल घालावीशी वाटली तर?"

"लाल? लाल तुला शोभत नाही."

"तेव्हा नावं ठेवायला असाल का तुम्ही?"

तात्यांना हसता हसता ढास लागली. आक्काताईंनी नव्या काकणांच्या हाताने त्यांची पाठ चोळली, काकणं किणकिणत राहिली. ढास थांबल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

"कुमुदे, हा दिवा मला देशील? कसा लावायचा ते दाखव."

कुमुदने दिवा पदराआड घेतला. आज आक्काताई, उद्या शेजारीण, परवा सगळा गाव. ज्याच्या त्याच्या घरी दिवा आला की तिच्या मांडीवर हात ठेवायला कोण येणार? काकणं भरताना बायका जे बोलतात, ते कुठे बोलणार?

तिने तात्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

कुमुद सरकून बसली. आक्काताईंच्या वाकड्या बोटांत तिने दिवा नीट बसवला आणि वरून आपला हात धरला.

"आधी काय शिकायचं, आक्काताई? घालायला की काढायला?"