प्रथमश्रोती

मिरजेच्या जनुकसंवाद केंद्रातल्या श्रवणकक्षात अवंती आरवाडे दर गुरुवारी सकाळी आठ वाजता येऊन बसायची, तशी त्या गुरुवारीही बसली. खोली लहान. भिंतींना आवाज पिणारं जाड अस्तर, मधे एक टेबल, टेबलावर ध्वनिग्राहक आणि समोर काचेची चौकट. चौकटीच्या कोपऱ्यात एक ठिपका. यंत्रणा बोलत असली की तो पांढरा, ऐकत असली की पिवळा, आणि समोरच्या माणसाला समजलं असं तिनं ठरवलं की हिरवा. यंत्रणेचं नाव 'उलगडा'. ते अवंतीनंच सुचवलं होतं.

खरं तर तिचा जनुकांशी काही संबंध नव्हता. ती एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. भरपूर वाचायची, आणि न वाचलेल्या पुस्तकाचंही सार असं सांगायची की ऐकणारा ते घेऊनच जायचा. पण हे केंद्र तिच्या आईनं उभं केलं होतं. जनुकांचा अहवाल आता रक्तगटासारखा कुणालाही मिळत होता. तो वाचून शंभरातल्या नव्वदांना काहीच कळत नव्हतं आणि उरलेल्या दहांना चुकीचं कळत होतं. डॉ. वैजयंती आरवाडे यांनी वीस वर्षं एकच प्रश्न धरून ठेवला होता : जे सापडलं, ते ज्याचं आहे त्याला कसं सांगायचं? 'समजलं का?' असं विचारायला त्यांच्या केंद्रात बंदी होती. "त्याला माणूस होच म्हणतो," त्या म्हणायच्या. त्याऐवजी ऐकणाऱ्यानं सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. केंद्रात याला 'प्रतिकथन' म्हणत. घरी नुसतं "आता तू सांग".

'उलगडा'नं लोकांना काय सांगायचं, त्याचा प्रत्येक नवा मसुदा आधी अवंतीला ऐकवला जायचा. त्या दिवशीचा मसुदा रक्ताच्या एका आजाराचा होता. आईवडील ठणठणीत असताना मुलाला आजार कसा होतो, हे सांगायला 'उलगडा'नं दोन वह्यांचं उदाहरण घेतलं होतं. प्रत्येकाकडे एकाच मजकुराच्या दोन वह्या. एकीचं पान फाटलं तरी दुसरीवर भागतं. पण मुलाला देताना दोघांनीही नेमकी फाटकीच दिली, तर?

"आता तू सांग," चौकटीशेजारी उभी असलेली आई म्हणाली.

अवंतीनं सांगितलं. वह्यांच्या जागी घराच्या दोन किल्ल्या घेऊन, एका दमात, कुठेही न अडखळता. सांगताना तिच्या डोक्यात वाचनालयातली नवी कपाटं कुठल्या भिंतीला लावायची हा विचार चालू होता. ठिपका हिरवा झाला.

"बघ इरफान, पहिल्याच फटक्यात!"

"ताई म्हणजे आपलं किलोचं वजन आहे, मॅडम," डॉ. इरफान मुजावर पलीकडून म्हणाले. यंत्रणेचं गणित त्यांचं. "बाकी सगळे यांच्यावर तोलायचे."

"ऐकलंस? वजनदार म्हणतोय तो तुला," आई म्हणाली.

बाहेर चहाच्या टेबलापाशी मात्र आई थांबली. टेबलाला हात टेकून म्हणाली, "जरा गरगरतंय गं."

"सकाळपासून काही खाल्लं नसशील. बस." अवंतीनं फ्रिजमधून लिंबू काढलं, साखर-मीठ घालून ढवळलं आणि पेला तिच्यापुढे धरला.

आईनं पेल्याकडे पाहिलं, मग अवंतीकडे, आणि ती एकदम खळखळून हसली. "लिंबूपाणी? तू देतेस?"

"का? नको का?"

"दे, दे." हसतच तिनं अर्धा पेला संपवला. "जा तू आता, तुझं वाचनालय उघडायचंय."

अकरा वाजता आई आपल्या खुर्चीत इरफानना सापडली. हृदय थांबून पाऊण तास झाला होता.

*

पुढचा दीड महिना अवंतीला सगळ्यात जास्त छळलं ते त्या हसण्यानं. भेटायला येणारे आईच्या आठवणी सांगायचे, ती मान हलवायची, आणि मनात एकच चालू : लिंबूपाण्यात हसण्यासारखं काय होतं? आठवून आठवून ते हसणं झिजत चाललं होतं. कधी ते थट्टेचं वाटायचं, कधी मायेचं. एकदा तर आपल्याला निरोपच दिला असं वाटलं, आणि स्वतःच्या या पुस्तकी कल्पनेची तिला लाज वाटली.

इरफान तिसऱ्या दिवसानंतर घरी फिरकले नव्हते. याचंही तिला आश्चर्य वाटत होतं. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, आणि ती केंद्रात गेली.

त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, आणि चहा आल्यावर कप तिच्यापुढे सरकवला.

"अवंतीताई, एक विचारायचंय. कसं विचारू तेच कळत नाही."

"विचारा की, इरफानभाई."

"मॅडमच्या हृदयाचं तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय माहीत होतं?"

इरफाननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आपल्याकडे नियम आहे. वारशानं पुढे जाऊ शकणारा बदल सापडला, की तो रक्ताच्या नात्यात सांगायचा. सांगितला याचा पुरावा म्हणजे प्रतिकथन. मॅडम गेल्या त्याच रात्री तुम्हाला सांगायचं म्हणून मी त्यांचा अहवाल उघडला. यंत्रणा म्हणाली, हा आधीच सांगितलाय. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. ऐकणारी : मुलगी. निष्कर्ष : समजले."

"हे खोटं आहे."

"मी आवाज लावतो."

आधी आईचा आवाज आला. त्या दिवशी यंत्रणा गप्प होती, आई स्वतःच बोलत होती.

"समज, सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यासाठी भोपळे आलेत. काहींना वेलीवरच एक बारीक चीर पडलीय, बाहेरून दिसत नाही. असे चिरलेले दहा घेतले, तर सात जन्मभर वाजतात. तिघांना तारेचा ताण बसला की तडा जातो. कुठले तीन, ते आधी सांगता येत नाही. ठोका वेळेवर पाडणारं एक जनुक असतं, त्यात माझ्याकडे अशी चीर आहे. जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यातली एकच मी तुला दिली. चिरलेली की धड, ते निम्मं-निम्मं. आणि मला कधी गरगरलं, तर वाट बघत बसायचं नाही. चल, आता तू सांग."

मग अवंतीचा आवाज. मोकळा, प्रसन्न, घाईत असलेला.

"चीर असणं वेगळं, फुटणं वेगळं. आईला चीर आहे. मुलीला असेल किंवा नसेल, नाणं उडवल्यासारखं. असली तरी फुटणारे दहात तीनच. आणि आईला गरगरलं की लिंबूपाणी नव्हे, दवाखाना!"

त्यावर आई हसली होती. खळखळून. "वा! लिंबूपाणी नव्हे, दवाखाना. हे वाक्य मी घेणार हं."

तिनं ते घेतलं होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ते लागलं होतं. अवंतीनं जाता-येता ते कितीदा वाचलं होतं, आपलं वाक्य म्हणून थोडी खूशही झाली होती.

"मला तो मसुदा वाटला," ती म्हणाली. "दर गुरुवारी हेच असायचं. तुमच्या आईला अमुक, तुमच्या मुलाला तमुक. आई कधी सासू व्हायची, कधी कुणाची बायको. त्या खोलीत मला शंभर आया होत्या, इरफानभाई. ही त्यातलीच एक असेल असं…"

"तिसऱ्या दिवशी तुम्हीच मला त्या सकाळचं सगळं सांगितलंत. तेव्हापासून दीड महिना वाटत होतं, की तुम्हाला माहीत असूनसुद्धा…" इरफाननी वाक्य सोडून दिलं.

"माहीत असूनसुद्धा मी लिंबूपाणी दिलं."

त्यांनी मान खाली घातली. ते घरी का आले नव्हते, ते तिला आत्ता कळलं. दुसरंही कळलं. आईला वाटलं होतं की लेक आपलंच जुनं वाक्य उलटं करून गंमत करतेय. सगळं माहीत असलेली लेक अशी निर्धास्त गंमत करते, म्हणजे काळजीचं कारण नाही, असंही वाटलं असेल का? की उपाशीपोटी गरगरलं, एवढंच? विचारायला माणूस नव्हतं.

"अजून एक आहे," इरफान म्हणाले. "आता हे कळल्यावर ते सांगणं भाग आहे. जतकडच्या गावांत आपण चाचणी घेतली. सोनाबाई हिप्परकर म्हणून एक बाई. मेंढरं राखतात. त्यांना यंत्रणेनं हाच भोपळा अकरा वेळा सांगितला. अकरा वेळा ठिपका पिवळाच. शेवटी बाई चिडून उठल्या, 'आगं बया, भोपळा माझा चिरलाय, किती डाव सांगशील? पोरांचं बघा की आधी,' म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरांना तपासायला घेऊन हजर."

"म्हणजे त्यांना समजलं होतं."

"पहिल्या वेळीच. त्याच गावचे मुख्याध्यापक. एका दमात प्रतिकथन, ठिपका लगेच हिरवा. आठ महिने झाले, अजून मुलीला आणलेलं नाही. अशी चाळीस-पन्नास माणसं आहेत. मी गणितात चूक शोधत होतो. गणितात चूक नाहीये, ताई."

"मग?"

"समजणं म्हणजे काय, हे यंत्राला शब्दांत सांगता येत नाही. नमुना द्यावा लागतो. हा बघ समजलेल्या माणसाचा आवाज, असं. तो नमुना आपण तुमचा दिला. तुमची तीनशे प्रतिकथनं. बोलण्याचा वेग, न थांबणं, स्वतःचं उदाहरण जोडणं. जो तुमच्यासारखा बोलेल, त्याला समजलं. जो अडखळेल, थांबेल, त्याला नाही."

अवंतीनं कपातल्या चहावरची साय बोटानं बाजूला केली. सहा वर्षांची असताना आईनं तिला चंद्रग्रहण समजावलं होतं. मधे बटाटा, इकडे लिंबू, पलीकडे कंदील. "आता तू सांग." तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पण शब्द लक्षात होते. ते तिनं आपल्या भाषेत छान लावून परत दिले, आणि आईचा चेहरा असा काही उजळला, की पुन्हा कधी तो तसा न उजळण्याची जोखीम तिनं घेतलीच नाही. शाळेत नाही, पुढेही नाही. श्रवणकक्षातल्या तीनशे गुरुवारी तर नाहीच.

"तो मुख्याध्यापक म्हणजे मीच," ती म्हणाली. "आता पुढे काय?"

"पुढच्या महिन्यात राज्यातल्या सगळ्या आरोग्य केंद्रांत यंत्रणा बसणार. दारावर मॅडमचं नाव."

"आणि माझा नमुना काढला तर?"

"सगळं मुळापासून. दीड वर्ष तरी. आणि समितीला लिहावं लागेल, की डॉ. आरवाडेंनी ज्यावर सगळं मोजलं, ते मापच चुकीचं होतं." त्यांनी श्रवणकक्षाच्या दाराकडे पाहिलं. "नियम मॅडमचाच आहे. प्रतिकथन रद्द करायचा हक्क फक्त ऐकणाऱ्याला. त्यानं स्वतःच्या आवाजात, त्याच खोलीत, तसं बोलायचं. मी तुम्हाला काही सांगणार नाही. मला स्वतःलाच कळत नाहीये."

*

श्रवणकक्षात ती एकटीच बसली. तिनं आईचा अहवाल मागितला. ठिपका पांढरा झाला आणि 'उलगडा' बोलू लागली. आवाज कुणाचाच नव्हता, वाक्यं मात्र ओळखीची होती. भोपळे. चीर. दहात तीन. दोन प्रती, निम्मं-निम्मं. आणि शेवटी तिचंच वाक्य, तिलाच : गरगरलं तर लिंबूपाणी नव्हे, दवाखाना.

"आता तुम्ही सांगा."

तिला वाटलं होतं, आज शब्द फुटणार नाहीत. पण ते आले. चीर असणं वेगळं, फुटणं वेगळं. माझ्या आईला चीर होती. 'होती' हे तिनं इतक्या सफाईनं म्हटलं, की तिचं तिलाच दचकायला झालं. मी ती घेतली असेन किंवा नसेन… वाक्य पुरं व्हायच्या आत ठिपका हिरवा झाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. सगळे शब्द तिच्याकडे होते. पण निम्मं-निम्मं म्हणजे काय? तिच्या छातीत चीर होती की नव्हती? निम्मी तर कुणालाच नसते. दहातल्या त्या तिघांत आई कशी? आणि पेला हातात घेताना तिला नक्की काय वाटलं? उठून बाहेर गेलं, तर पुढच्या महिन्यात आईचं नाव दारोदार लागणार होतं. जतच्या सोनाबाई बाराव्यांदा बसणार होत्या. एखादी लेक एका दमात सगळं सांगून घरी जाणार होती आणि लिंबू पिळणार होती.

"माझी प्रतिकथनं रद्द करा," ती म्हणाली. "सगळी."

ठिपका पिवळा झाला. "कारण सांगा," यंत्रणा म्हणाली.

अवंतीनं बोलायला तोंड उघडलं आणि ती अडखळली. पुन्हा प्रयत्न केला. आवाज घोगरा, तुटका येत होता; आजवरच्या कुठल्याही नमुन्यात न बसणारा. ठिपका पिवळाच राहिला, ऐकत राहिला.

"कारण… मला… ते कळलंच नव्हतं. तेव्हा पण नाही. आत्ता पण…" तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले. चौकटीशेजारची, आई उभी राहायची ती जागा रिकामी होती. तिकडे बघून ती म्हणाली,

"आई, मला नाही समजलं. पुन्हा सांग."