डाव्या सीटचा दिवा

बसा, नीट टेकून बसा. गाडीबिडीच्या गोष्टी दिवसा सांगितल्या की हसता तुम्ही, म्हणून ही आत्ता काढली. आपल्या वीरभद्राची आहे. तोच तो, उदगीरला देगलूर रस्त्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान असलेला. अजून आहे तो. खोटं वाटलं तर जाऊन विचारा, पण तो काही बोलणार नाही. नुसता भिंतीकडे बघेल.

साल दोन हजार सोळा. पाडव्याची आदली रात्र, म्हणजे भर अमावास्या. त्या वर्षीचा दुष्काळ तुम्हाला आठवायचा नाही. नळाला पाणी महिन्यातून कधीतरी, तेही चहाच्या रंगाचं. आणि गावात हवा कसली, तर उदगीर जिल्हा होणार! चौकाचौकात अभिनंदनाचे फलक. घशाला कोरड, आणि कलेक्टर कुठं बसणार यावर पैजा. जिल्हा काही आला नाही, टँकर तेवढे आले. जुन्या गाड्यांच्या दलालांचं मात्र त्या हवेत चांगलंच फावलं.

वीरभद्राची एकुलती एक लेक गौरा पहिलटकरीण, माहेरी आलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आपली. पण बाळाला न्हाऊ घालायला पाणी कुठून आणायचं? शेवटी नांदेडच्या व्याह्यांनीच निरोप धाडला, 'आमच्या बोअरला पाणी आहे, पोरीला आणून सोडा.' बापाला ते फार लागलं. पण करतो काय! आठवा महिना सरत आलेला, यष्टीचे धक्के नकोत, म्हणून त्यानं व्यंकट दलालाकडून एक जुनी निळी गाडी घेतली. पाडव्याला पहाटे निघायचं ठरलं.

आता एवढं समजून घ्या. गाडीत पुढं एअरबॅगा असतात. टक्कर झाली की फुगा उघडतो आणि माणूस वाचतो. स्टिअरिंगपुढच्या मीटरमध्ये त्याचा एक लाल दिवा असतो, बसलेला माणूस आणि त्याच्यापुढं फुगा, असं चित्र. चावी फिरवली की तो लागतो. सगळं ठीक असेल तर जरा वेळानं विझतो. नाही विझला, तर बिघाड आहे समजायचं. ह्या गाडीचा लागला आणि विझला. घाईत होता बिचारा, त्यानं एवढ्यावरच मान हलवली.

त्या रात्री जेवणं उरकून तो गावाबाहेर मलप्पाच्या मळ्यात पाणी आणायला गेला. मलप्पानं कॅन भरून दिले, पण कुरकुरला.

"अमुशा हाय वीरभद्रा. सकाळी न्यायचं व्हतं की."

"सकाळी निघायचंय. पोरीला पाडव्याची आंघोळ तरी माहेरच्या पाण्यानं घालतो."

 मलप्पानं आणखी एक कॅन भरून दिला.

कॅन मागं रचून वीरभद्र निघाला. कोरड्या ओढ्यापाशी आला, आणि मीटरमध्ये लाल दिवा लागला.

तो काही घाबरला नाही. हसलाच. त्या उन्हाळ्यात घरोघरच्या गाड्या टँकर झाल्या होत्या. कॅन सरकून सीटखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला धक्का लागायचा, नाहीतर पाणी सांडून तिचा जोड गंजायचा, आणि दिवा लागायचा. असल्या गाड्यांची दुकानापुढं रांग असायची. त्यानं गाडी बाजूला घेतली, टॉर्च दातात धरला आणि डाव्या सीटखाली हात घातला. जोड घट्ट होता. कोरडा ठणठणीत. तरी काढून पुन्हा बसवला.

गाडी चालू केली. दिवा तसाच.

मग त्यानं नियमानं बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवली. एअरबॅगच्या कामात हे आधी करायचं आणि जरा थांबायचं. वीज आत मुरून राहते, फुगा तोंडावर उघडायचा. थांबला. मग किडे येतात म्हणून दार ओढून घेतलं आणि मीटर खोलून मागं उजेड टाकला.

तिथं एक गाठ होती.

एअरबॅगच्या दिव्याची वायर कापून ऑइलच्या दिव्याला जोडलेली. म्हणजे चावी फिरवली की दोन्ही लागणार, इंजिन चालू झालं की दोन्ही विझणार. फुगा असो वा नसो, गिऱ्हाईक खूश. दलालांची ही जुनी युक्ती. गाठीवर हिरवी टेप. आणि टेपवर पांढरा डाग… विभूतीचा.

वीरभद्रानं त्या डागावरून बोट फिरवलं. काम संपलं की जोडावर विभूतीचं बोट टेकायचं, ही सवय आख्ख्या उदगिरात एकाचीच.

त्याची स्वतःची.

आता आठवलं. तेव्हा गाडी पांढरी होती. पुढून चेपलेली, फुगे उडून गेलेले. व्यंकट म्हणाला होता, "नवे टाकायला परवडत न्हाई, तू नुसता दिवा झाक." यानं झाकला. असे कितीतरी झाकले होते. पुढं कानावर आलं, उमरीच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी टँकरला धडकली. नवरा वाचला. डाव्या सीटवरची बाई गेली. तिला सातवा महिना होता.

गाडी कोणती, हे त्यानं कधी विचारलं नाही. पांढऱ्या गाड्या काय थोड्या असतात, म्हणून स्वतःची समजूत घातली. आणि आज तीच गाडी निळा रंग लावून त्याच्या दारात आली होती, त्याच गाठीनं त्यालाच फसवलं होतं.

तो दार उघडायला वळला. खट्ट.

चारी दारांचं लॉक पडलं.

बॅटरी सुटलेली आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. वीजच नाही. मग लॉक कसं…

त्यानं खटका ओढला. हलेना. काच खाली होईना. हॉर्न मुका. पान्यानं काचेवर घाव घातला. पुन्हा घातला. काचेला ओरखडा नाही. आत श्वास कोंडायला लागला. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं.

आणि खोललेल्या मीटरमध्ये… दिवा लागला.

लाल.

डावीकडं बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं. पण ऐकू आलं. पट्टा सरसर ओढला जात होता. हळू. पोटावरून जपून घ्यावा तसा. मग टक्.

बकल लागलं.

त्यानं पाहिलं. सीट रिकामी. पट्टा मात्र पुढं फुगलेला… गोल. गादी खाली दबलेली.

"अक्का…"

त्यानं मीटरमागच्या हिरव्या टेपवर बोट ठेवलं.

"अक्का, ही गाठ माझी हाय."

पुढं, डाव्या बाजूचं झाकण करकरलं. फुगा जिथं असतो, तिथलं. त्यानं ते उचकटलं. आत जुन्या चादरीचा बोळा. बोळ्यात हिरव्या बांगडीचा तुकडा.

त्याला रडू फुटलं. "उद्या माझी लेक हितं बसणार व्हती. तुझ्या जागी. माझी गौरा…"

पट्टा तसाच फुगलेला.

"परत कुणाचा दिवा झाकणार न्हाई. लिंगाची आण."

त्यानं पकड घेतली आणि गाठ तोडली.

पट्टा सैल पडला. हळूहळू मागं गेला. लॉक उघडलं.

वीरभद्र पळत सुटला तो थेट घरापर्यंत. पहाटे गौरा शेजाऱ्याच्या जीपमधून नांदेडला गेली. महिन्यानं मुलगी झाली, दोघी सुखरूप. गाडी त्यानं भंगारात तोडायला लावली. मीटर तेवढं ठेवून घेतलं आणि दुकानात भिंतीच्या खिळ्याला टांगलं, गिऱ्हाइकांना दाखवायला, की बाबांनो, दिवा असा झाकतात.

दिवाळीच्या सुमाराला, संध्याकाळी लाइट गेलेली असताना, व्यंकट दुसरी एक गाडी घेऊन आला.

"दिवा विझत न्हाई रे. नेहमीची गाठ मारून दे. उद्या जोडपं यायलंय बघायला."

 वीरभद्र भिंतीकडे बघत राहिला. व्यंकटनंही तिकडं पाहिलं, आणि टेबलावर टाकलेली गाडीची किल्ली न उचलता तो तसाच मागं सरकत रस्त्यावर गेला.

खिळ्याला मीटर होतं. त्याला ना वायर, ना बॅटरी. आणि त्यात तो फुग्यापुढं बसलेला माणूस… लाल.