हौदातली ओ

टावर चौकात पाइप आणि नळ विकणारे भय्यासाहेब कॉलेजची पायरी चढले नव्हते, पण घराचा नकाशा त्यांनी स्वतः काढला. कारागिरांशी गप्पा मारता मारता उचललेली विद्या! क्षिप्राकाठी, वस्तीपासून लांब, असं घर की बाहेरून काही आणायलाच नको. छपरावर सोलर, परसात गोबरगॅस, अंगणाखाली पावसाच्या पाण्याचा हौद. हौद तर आयताच मिळाला. पाया खोदताना बुजवलेली बावडी, पायऱ्यांची जुनी विहीर, लागली, ती उपसून तिच्यावरच स्लॅब टाकला.

"खुदाई वाचली की नाही?" येईल त्याला ते हसत सांगायचे. बावडी कोणी बुजवली, का बुजवली, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सून निहारिका आणि नात मृण्मयीला घेऊन ते घर दाखवायला गेले. बघता बघता दिवेलागण झाली. वारा पडला होता. नदीकडून शेवाळाचा ओला वास येत होता. मृण्मयी कुठेतरी लपून बसली होती.

"मृण्मयी! चल गं, निघायचं ना?" भय्यासाहेबांनी हाक मारली.

अंगणाखालून बारीक आवाज आला. "आई..."

भय्यासाहेब हौदाकडे धावले. पोरगी हौदात पडली, आईला हाक मारतेय! एवढ्याशा पोरीने लोखंडी झाकण उचललंच कसं असेल, हा विचार नंतरचा. त्यांनी झाकण ओढून बाजूला केलं, पालथे पडले, हात आत घातला. पाणी काठोकाठ, काळं.

"मृण्मयी! ये, हात धर माझा... ये!"

"आई..." आवाज जवळ आला.

"आजोबा, मी तर इथेय!"

त्यांनी मागे पाहिलं. मृण्मयी निहारिकाचं बोट धरून जिन्यात उभी होती. गच्चीवरच्या पॅनलमागे लपलेली, फ्रॉकला धूळ, अंगावर पाण्याचा थेंब नाही.

"मग ही... आईला कोण बोलावतंय?"

"आई... आई..." आता अगदी काठाशी.

निहारिका इंदूरची, हिंदी शाळेत शिकलेली. तिने मृण्मयीला मागे ओढलं.

"बाबा... ती आईला नाही बोलावत. हिंदीत बोलतेय ती. तुम्ही 'ये' म्हणालात ना... ती म्हणतेय, 'आले'."

भय्यासाहेबांनी हात मागे घेतला आणि सगळा जोर लावून झाकण लोटलं. फट मिटता मिटता त्यांना दिसलं, काठोकाठचं पाणी खाली गेलं होतं. भरल्या बादलीतून बुडालेला लोटा काढल्यावर जातं, तसं. मोटार तर अजून बसवलीच नव्हती.

वास्तुशांत झाली नाही. घराला कुलूप आहे. अंधार पडला की दिवे आपोआप लागतात, पहाटे विझतात. इकडे माधव नगरच्या फ्लॅटमध्ये पोरीला कोणी नावाने हाक मारत नाही. राणी म्हणतात, चिमणी म्हणतात.

पुढच्या आठवड्यात भय्यासाहेब तिला शाळेतून आणायला गेले. मॅडम फाटकापर्यंत सोडायला आल्या, तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "दादाजी, बच्ची बड़ी होशियार है. बस इसे समझाइए, मैं नाम पुकारूँ तो हाज़िरी एक ही बार बोला करे."

मॅडम आत गेल्या. मृण्मयीने आजोबांची बाही धरली.

"मी एकदाच बोलते, आजोबा," ती म्हणाली.