पेद्रूची कात

हे खरं घडलंय. कुणाला पटत नसेल तर त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही. टेसा माझी मावसबहीण. माहेर वसईचं, आता लग्न होऊन दुबईत, करामाला. गोष्ट गेल्या ऑगस्टमधली. आणि रात्रीची नाही, भर दुपारची.

रॉयस्टन हा टेसाचा धाकटा भाऊ. तिच्याकडेच राहायचा. एप्रिलमध्ये खोर फक्कानच्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली.

तो गेला. मागे राहिला पेद्रू.

पेद्रू म्हणजे त्याने पाळलेला साप. बिनविषारी, दोन-अडीच हातांचा छोटा अजगर, काचेच्या पेटीत. त्याचे लाड जावयाच्या वर! पेटीची एक बाजू उबदार हवी, दुसरी थंड. आत हवा कायम दमट हवी. नाहीतर कात अंगाला चिकटते, आणि डोळ्यांवरची राहिली तर साप आंधळाही होतो. रॉयस्टन सकाळ-संध्याकाळ स्प्रेच्या बाटलीने आत पाणी मारायचा. कुणी एसी अठरावर नेला की उठून, एक शब्द न बोलता, सव्वीसवर आणायचा.

टेसाचा नवरा केनेथ हॉटेलच्या किचनमध्ये. दिवसभर भट्टीसमोर भाजून घरी यायचा, त्याला अठराच हवं. रॉयस्टन गेल्यावर अडवणारं कोण? एसीने खोलीतली ओल शोषून घेतली. पेद्रूचे डोळे दुधी झाले. कात तुकड्यातुकड्यांनी सुटायला लागली.

 भावाच्या हातांची सवय असलेला एवढा एकच जीव उरला होता. तोही मरू द्यायचा?

"एसी कमी कर ना, केनेथ."

"सापासाठी मी घामात झोपू? फ्रायडेला देऊन टाकतो कोणाला तरी. खलास!"

"हात तर लाव त्याला!"

दुसऱ्या दिवशी केनेथ ड्युटीवर होता. टेसा बोंबील साफ करत होती. आणि...

फुस्स. फुस्स.

रॉयस्टनच्या खोलीतून.

ती तशीच ओल्या हातांनी धावली. खोलीत कुणी नव्हतं. पेटीची काच आतून धुरकटली होती. फळीवरच्या बाटलीच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं.

घर एकदम शांत होतं. इतकं शांत का, ते तिला जरा वेळाने कळलं...

एसी थांबला होता. हॉलच्या भिंतीवरच्या एसीच्या डब्यावर आकडा सव्वीस.

भीती नाही वाटली तिला. संताप आला. तिने केनेथला फोन लावला.

"माझी मस्करी करतोस?"

"मी किचनमध्ये आहे, टेसा! डोकं फिरलंय का तुझं?"

मग हे रोजचंच झालं. दुपारी फुस्स फुस्स, संध्याकाळी भांडण. तो म्हणायचा तू केलंस, ती म्हणायची तू.

शुक्रवारी केनेथचा पारा चढला. त्याने पेटीखालच्या हीटरची वायर उपटली. पेद्रूला कापडी पिशवीत घातलं. पिशवी दाराशी ठेवून हात धुवायला बाथरूममध्ये गेला.

आणि किंचाळला.

उन्हाळ्यात करामातल्या गच्चीवरच्या टाक्या तापतात, थंड नळाला चटका देणारं पाणी येतं. म्हणून लोक गिझर बंद ठेवतात, त्यात साठलेलं पाणी घरातल्या गारव्यात निवतं, आणि गरम नळाचंच पाणी गार म्हणून वापरतात. केनेथनेही मे महिन्यात गिझर बंद करून बटणावर चिकटपट्टी लावली होती.

त्याच नळाखाली त्याने हात धरला होता. उकळतं पाणी. हाताची सालटी निघाली.

टेसाने धावत येऊन वर पाहिलं.

चिकटपट्टी जशीच्या तशी. बटण बंद. आणि गिझरचा लाल दिवा...

चालू.

केनेथला शेजाऱ्याबरोबर क्लिनिकला पाठवून ती रॉयस्टनच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं आणि रिकाम्या खोलीवर ओरडली, "स्वतः मरून मोकळा झालास! सगळं माझ्यावर टाकलंस! आता माझ्या नवऱ्यावर उठलास? समोर ये ना, मेल्या! बोल माझ्याशी!"

कुणी बोललं नाही.

संध्याकाळी तिनेच पेटी, हीटर, बाटली आणि पेद्रू रॉयस्टनच्या मित्राकडे, शेजारच्याच अल मनखूल भागातल्या निखिलकडे पोचवलं. रडत नाही, दात-ओठ खात. भावापेक्षा नवरा वाचवायला हवा होता.

नंतर घरात काही झालं नाही. एसी अठरावर राहिला. ती दुपारी काम सोडून कान देऊन बसायची. काहीच नाही.

दोन आठवड्यांनी निखिलचा फोन आला.

"दीदी, पेद्रूने कात टाकली. अख्खी, डोळ्यांसकट. पण दीदी... खोलीत कोणीतरी बोलतं त्याच्याशी. मम्मीने पण ऐकलं. रॉयस्टनचाच व्हॉइस आहे."

 टेसाने एवढंच विचारलं, "माझं नाव घेतलं का त्याने?"



"नाही दीदी. फक्त पेद्रूशी बोलतो."

तिने फोन कापला.

हे तिने मला सांगितलं. घाबरून नाही, रागाने. "माझ्या घरात होता गं तो. मी एवढी ओरडले. एक शब्द बोलला नाही माझ्याशी."

मी म्हटलं, एकदा मनखूलला जाऊन तर ये.

"आणि मी आत गेल्यावर तो बोलायचा थांबला तर?"

निखिलचा नंबर तिने मला दिलाय, तो कधी माझं नाव घेतो का ते तूच विचार म्हणाली. मी अजून लावलेला नाही.