जिन्याच्या तोंडाची पट्टी

देवाला स्मरून सांगते, यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

भुतं रात्रीच येतात म्हणतात. हे घडलं भर दुपारी, माझ्या नणंदेनं नुकत्याच विकत घेतलेल्या जुन्या घरात.

आमचे हे सुतार. नणंद दवाखान्यात बाळंत झाली होती, दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन घरी येणार होती. तिच्यासाठी वरच्या मजल्यावर लाकडी फ्लोअरिंग घालायचं ह्यांनी हौसेनं अंगावर घेतलं. सगळं झालं, राहिली एक पट्टी. जिना वर येऊन संपतो, तिथली फळ्यांची उघडी कड झाकणारी.

ती काही केल्या बसेना.

ह्यांनी गोंद लावला, पट्टी ठोकली आणि हात पुसायला वळले.

जिन्यावर पावलं वाजली... सावकाश... एकेक पायरी...

आणि वर येता येता... ठक्!

पट्टी उखडून पडली होती.

जिन्यावर कुणीच नव्हतं.

"दाजी! गोंद ओला आहे, वर येऊ नका म्हणून किती कंठशोष करू?" हे ओरडले.

"अरे, मी कुठे आलोय?" खालून नणंदेच्या यजमानांचा आवाज. "मी इथे दाराला रंग देतोय. नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं!"

त्यांना चेष्टेशिवाय घास उतरत नाही. पण ह्यांनी वाकून पाहिलं, तर दाजींचे हातपाय रंगानं बरबटलेले. आणि जिन्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता.

हे दातओठ खात पुन्हा बसले. गोंद खरवडला. आता स्क्रू मारले.

पावलं... सावकाश... ठक्!

स्क्रूसकट पट्टी हलली होती.

ह्यांनी हातोडी आपटली. "जन्म गेला लाकडात, आणि ह्या एवढ्याशा पट्टीनं रडवावं मला!"

तणतणत खाली गेले, लांब स्क्रू घेतले, तसेच धुसफुसत वर चढले. शेवटच्या पायरीवर ह्यांचाच पाय अडखळला.

ठक्!

अगदी तोच आवाज.

तेव्हा कुठे लख्ख प्रकाश पडला. नव्या फळ्यांनी वरची जमीन उंच झाली होती. बाकीच्या पायऱ्या सारख्या, शेवटची तेवढी बोटभर उंच. पाय काही बघून चढत नाही, सवयीनं चढतो. उद्या ताई बाळाला छातीशी धरून चढली असती तर... ह्यांना घाम फुटला.

आणि मग दुसरा घाम फुटला.

त्या घरात अजून कुणी राहायलाच आलं नव्हतं. मग मघापासून जे ठेचकाळतंय, त्याला ह्या जिन्याची सवय कधीची?

पण काम अर्धं टाकून पळणं ह्यांच्या स्वभावात नाही, आणि ताईचा पाय डोळ्यांपुढून हलेना. कडेच्या फळ्यांना रंधा मारून उतार दिला. पट्टी पूर्वीच्या उंचीला आणून बसवली. वरून हात फिरवला. कुठेही अडत नव्हतं.

पावलं...

हे जागीच बसून राहिले. आता ठक् होईल... आता होईल...

ठक् झालंच नाही.

पाऊल नव्या फळीवर पडलं. मग दुसरं. ह्यांच्या गुडघ्याजवळची फळी दबली... आणि वर आली.

पावलं बाळासाठी पाळणा टांगून ठेवलेल्या खोलीत गेली.

मग काहीच नाही.

"बसली का रे एकदाची?" खालून दाजी.

"बसली," हे म्हणाले. ह्यांचा आवाज ह्यांनाच ओळखू आला नाही.

अंधार पडेपर्यंत हे तिथेच बसून होते. खाली जाणारं पाऊल वाजलं नाही.

ताई आली. "ताई, खालच्याच खोलीत झोप," म्हणून ह्यांनी हातापाया पडून सांगितलं. ती हसली. "वेड्या, माझ्यासाठी एवढं घडवलंस, आणि खाली झोपू?" बाळाला कुशीत घेऊन भराभर जिना चढली. कुठे अडखळली नाही.

बाळ छान आहे, देवाची कृपा. पण हे तिथे गेले की अजून जिन्यापाशी कान लावून बसतात.

न राहवून मी एकदा म्हटलं, "अहो, ती पट्टी पुन्हा उंच करून टाका. ताईला सांगू जपून चढायला. वर काही येणार तरी नाही."

ह्यांनी हातातला रंधा बाजूला ठेवला.

"अगं, आणि आत गेलंय ते? ते बाहेर कसं येईल?"