वाटीमागची मूठ

अरे राघव, फोन ठेवू नकोस, आधी ऐक. आत्ता झालंय, पंधरा मिनिटं पण नाही झाली. मी गाडीत बसलोय, दारं लॉक करून. तारीख लिहून ठेव, १९ जुलै २०१७, बुधवार, संध्याकाळचे सव्वासहा. इथे न्यूझीलंडमध्ये हिवाळा, मिट्ट काळोख.

तुला सांगितलेलं ना, पामर्स्टन नॉर्थच्या व्हायकिंग क्लबबद्दल? हजारेक वर्षांपूर्वी बोटीतून येऊन इंग्लंड लुटायचे, ते. शनिवारी आमचा शो, त्यांच्यासारखं लढून दाखवायचा. ढालीला ढाल लावून भिंत करायची. पण उद्या ढालीचं चेकिंग, आणि मी दोनदा नापास झालोय. उद्या तिसऱ्यांदा झालो तर बाकीचे लढणार आणि मी सॉसेज भाजणार.

आणि हे सगळं सुधाकरकाकांमुळे. माझ्या फ्लॅटमेटचे, शिरीषचे बाबा रे, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. सुतारकामात हात भारी, पण ऐकतील तर शपथ. व्हायकिंग ढालीला मध्ये भोक, त्यावर लोखंडी वाटी आणि वाटीमागे एकच आडवी दांडी, मुठीत धरायला. काका म्हणतात, "एका मुठीवर ढाल? हात गळून पडेल. मावळ्यांची बघ, मागे दोन पट्टे, मध्ये गादी." बसवले पट्टे. झालो मी नापास.

वाटी मात्र मी एका इंग्लिश म्हाताऱ्याच्या गराज सेलमधून आणलेली. म्हणाला, आजोबांना तिकडे इंग्लंडात शेत नांगरताना सापडली. मी म्हटलं, हो हो, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत 'मस्त, चालेल'.

तर आज काकांच्या नकळत पट्टे काढायला गराजमध्ये गेलो. पट्टे आधीच काढलेले. स्क्रू ओळीने मांडलेले. मला वाटलं, काकांना पटलं. तेवढ्यात काका आत.

"गुरुदत्ता, पट्टे का काढलेस?"

"मी नाही काढले, काका."

"मग काय ढालीने काढले?"

परत बसवले त्यांनी. आम्ही चहा घेऊन आलो. परत काढलेले. तेच स्क्रू, तीच ओळ. काका भडकले. "कर तुला काय करायचं ते," म्हणून घरात निघून गेले. मला रडू यायचं बाकी होतं. एकच रात्र हातात, दांडीसाठी धड लाकूड नाही.

आणि ट्यूब गेली.

ठक.

लाकडावर लाकूड.

मी म्हटलं, "काका?"

...

ठक... ठक...

वाटलं, ढाल उचलावी आणि पळावं. चाचपडत तिच्या मागे हात घातला. दांडी हाताला लागली. धरली. पळालो.

राघव, आम्ही दांडी बसवलीच नव्हती.

आणि ती गरम होती. जशी कोणीतरी आत्ता सोडली...

गाडीतल्या लाइटमध्ये बघतोय. काळं, जुनं लाकूड. धरून धरून झिजलंय. बोटांच्या चार खाचा. माझी बोटं बरोब्बर बसतायत.

चिलखत, तलवार व्हायकिंगांमधल्या श्रीमंतांकडे असायची रे. बाकीच्यांकडे भाला आणि ढाल, बस. ढाल सुटली की माणूस गेला. तो जो कोण आहे, त्याने ती माझ्या हातात दिली, की मी त्याच्या हातातून हिसकावली...

उद्या हीच नेली तर मी पास. पक्का. तू असतास तर नेली असतीस?